शिडाच्या नौकेतून दोघांनी मुंबई ते पणजी: वारा, मुक्काम आणि नौकेवरचे राहणे

किनारवाट:

नमस्कार. मी आणि माझे यजमान, दोघेही नोकरीतून निवृत्त झालो आहोत. मुंबई बंदरात शिडाच्या लहान नौका आम्ही बरीच वर्षे चालवत आलो आहोत. आता आमच्याकडे तीस फुटी, फायबरची, आत निजण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली शिडाची नौका आहे. तिला दीड मीटर पाणी लागते, आत लहान डिझेल इंजिन आहे आणि वारा बरा असला की ती ताशी पाच सागरी मैल चालते. येत्या हिवाळ्यात मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने पणजीपर्यंत जावे, रात्री खाड्यांमध्ये मुक्काम करावा आणि एखादे ठिकाण आवडले तर तिथे चार दिवस राहावे, असा आमचा बेत आहे. शर्यतीतल्या नौका रात्रंदिवस चालून हेच अंतर फार थोड्या वेळात कापतात, पण आम्हाला तसे जायचे नाही. जे किल्ले आजवर जमिनीकडून पाहिले, ते समुद्राकडून सावकाश पाहण्याची इच्छा आहे.

आमच्या शंका तीन प्रकारच्या आहेत. निघण्याचा योग्य काळ कोणता आणि दिवसातले कोणते तास चालण्याचे? दीड मीटर पाणी लागणाऱ्या नौकेला कोणत्या खाड्या सुरक्षित आहेत? आणि तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एवढ्याशा जागेत दोघांनी दीर्घकाळ राहायचे, तर पाणी, स्वयंपाक, झोप आणि कामांची वाटणी अनुभवी मंडळी कशी करतात? कृपया सविस्तर लिहावे.

उत्तरवारा:

नमस्कार ताई. मी आणि माझी पत्नी हा किनारा हिवाळ्यात असाच फिरतो, म्हणून पहिल्या दोन शंकांविषयी लिहितो. निवांत जायचे असेल तर मुक्कामांच्या तारखा आधी ठरवून वाऱ्याला त्यांत बसवू नये. त्या दिवशीचा वारा आणि खाडीच्या तोंडावरचे पाणी पाहून मुक्काम ठरवावा. बाकीच्या बहुतेक गोष्टी यातूनच सोप्या होत जातात.

हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर वारा दिवसाच्या तासांप्रमाणे बदलतो. रात्री जमीन निवते आणि पहाटे तिच्याकडून मतलई वारा वाहत असतो. तो पूर्वेचा किंवा ईशान्येचा असल्यामुळे किनाऱ्यालगतचा समुद्र सपाट राहतो आणि दक्षिणेला निघालेल्या नौकेला वारा डाव्या बाजूने मिळतो. नऊ-दहाच्या सुमारास तो पडतो आणि पुढचे दोन-तीन तास शिडे नुसती लोंबत राहतात. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा भरू लागतो, तीन-चार वाजेपर्यंत दहा ते पंधरा नॉटपर्यंत (म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल) वाढतो आणि सूर्यास्तानंतर उतरतो. गोव्याकडे जाताना हा वारा उजवीकडून, पाठीमागून येतो, आणि शिडाच्या नौकेला त्याहून सोयीची दिशा क्वचितच मिळते. म्हणून उजाडता उजाडता नांगर उचलावा, मतलईवर तीन तास चालावे, वारा पडला की इंजिनावर हळू चालत न्याहारी उरकावी आणि दुपारच्या वाऱ्यावर उरलेले अंतर कापून सूर्य वर असतानाच खाडीत शिरावे. संध्याकाळी पूर्वेला तोंड करून खाडीत शिरताना ऊन पाठीवर असते, त्यामुळे पुढचे खडक, उथळ पाणी आणि जाळ्यांचे बोये स्पष्ट दिसतात. हा लाभ अंधार पडल्यावर उरत नाही.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धापूर्वी निघू नये. पावसाळ्यानंतर अरबी समुद्रात वादळे होतात आणि ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलेले फयान कोकणातला कोणताही मच्छीमार विसरलेला नाही. डिसेंबर आणि जानेवारी हे उत्तम महिने आहेत. मात्र उत्तर भारतात थंडीची लाट आली की इथे एक-दोन दिवस उत्तरेचा वारा जोराने वाहतो, आणि इराणी आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेली वायव्येची लांब लाट फेब्रुवारीत आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचते. अशा दिवशी उघड्या उपसागरात नांगर टाकला तर रात्रभर नौका कलंडत राहते. त्या दिवसांत खाडीच्या आत, भूशिराच्या आडोशालाच राहावे.

अंतरांचा हिशेब सोपा आहे. आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्यामुळे नकाशाच्या कडेवर बोट ठेवूनही टप्पे मोजता येतात. मुंबई ते राजपुरीची खाडी सुमारे ४० मैल, तिथून हर्णै ३०, हर्णै ते जयगड ३० ते ३२, जयगड ते रत्नागिरी २०, रत्नागिरी ते विजयदुर्ग २८, विजयदुर्ग ते देवगड १० ते १२, देवगड ते मालवण २०, मालवण ते वेंगुर्ला १५ आणि वेंगुर्ला ते आग्वाद (पणजीजवळ मांडवीच्या मुखाशी) २५. पहिला टप्पा लांब आहे, त्यामुळे ओहोटीचा प्रवाह धरूनच मुंबई बंदराबाहेर पडावे.

मुक्कामांपैकी राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याच्या आतल्या बाजूला नांगर टाकता येतो, परंतु पलीकडे दिघी बंदर असल्यामुळे जहाजांचा मार्ग मोकळा ठेवावा लागतो. जयगडला शास्त्रीच्या मुखाशी भरपूर पाणी आहे. रत्नागिरीला किल्ल्याच्या दोन्ही अंगांना उपसागर आहेत, तेव्हा वारा पाहून बाजू निवडावी. विजयदुर्गाविषयी मात्र थोडे अधिक लिहावेसे वाटते. वाघोटन नदीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या पाठीमागे असलेले ते बंदर पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक आहे. मुखाशी वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखाली साचलेला उथळ बांध, नाही, आत लाट पोचत नाही आणि नांगर चिखलात घट्ट धरतो. आपल्याला चार दिवस राहायचे असेल तर ते इथे राहावेत. समुद्राकडून येताना तटबंदीच्या तीन रांगा एकामागून एक उलगडत जातात. आंग्र्यांच्या आरमाराने हीच जागा का निवडली, हे त्या वळणावर आपोआप समजते. लहान होडीतून भरतीबरोबर खाडीत वर जावे आणि ओहोटीबरोबर परत यावे, म्हणजे वल्ह्यांना फारसे श्रम पडत नाहीत.

देवगडचे बंदरही चहूबाजूंनी बंदिस्त आहे. मालवण तितकेच सुंदर आहे, पण कठीण आहे. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली ती जागा खडकांच्या रांगांनी वेढलेली आहे, म्हणून स्थानिक माणूस सोबत घेतल्याशिवाय आत शिरू नये. शिवाय तिथे १९८७ मध्ये घोषित झालेले सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे प्रवाळावर नांगर पडणार नाही याची काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे. निवती ते वेंगुर्ला या पट्ट्यात समुद्रात खडकाळ बेटे विखुरलेली आहेत. त्यांवर दीपगृह असले तरी ती वाट दिवसाच कापावी.

नांगराचा हिशेब दोनदा करावा, एकदा भरतीसाठी आणि एकदा ओहोटीसाठी. समजा, ओहोटीला ३ मीटर पाणी आहे, भरतीने आणखी ३ मीटर चढणार आहे आणि नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून १ मीटर उंच आहे. तर साखळी ७ मीटरच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर सोडावी. तेवढ्या साखळीवर नौका चोहीकडे फिरली तरी ओहोटीला तळ लागणार नाही, हेही पाहावे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, मुंबईत पाणी साडेचार मीटरपर्यंत चढते-उतरते, रत्नागिरीला साधारण अडीच आणि गोव्यात दोन मीटरच्या आसपास. त्यामुळे दक्षिणेकडे हा हिशेब सुसह्य होत जातो.

हर्णैबंदर:

ताई, मी मासेमारी करणाऱ्या घरातला आहे आणि हंगामात अजूनही समुद्रावर असतो. उत्तरवारा यांनी वाऱ्याविषयी लिहिलेले सर्व योग्य आहे. मी फक्त दांडा आणि जाळी यांविषयी लिहितो.

बाणकोटला सावित्रीच्या आणि दाभोळला वाशिष्ठीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, आणि तो पावसाळ्यानंतर सरकलेला असतो. मागच्या वर्षीची वाट या वर्षी तशीच असेल असे धरू नये. आंजर्ल्याची खाडी तुमच्या नौकेला उथळ पडेल, तिकडे जाऊच नका. दांडा नेहमी चढत्या पाण्यात ओलांडावा, कारण तळ घासला तरी पाणी वाढत असते आणि नौका सुटते. उतरत्या पाण्यात अडकलात तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच आडवे पडावे लागते. भरतीची वेळ काढण्याचा आमचा जुना हिशेब असा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. अमावास्येला आणि पौर्णिमेला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. हा हिशेब मुंबईकडचा आहे. दक्षिणेला पाणी थोडे आधी भरते, म्हणून अचूक वेळ भरतीच्या तक्त्यातच पाहावी. पण यातून तुमच्या प्रवासासाठी एक गोष्ट निघते. उधाणाच्या दिवशी संध्याकाळी पाच-सहा वाजता पाणी सुकलेले असते, आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, त्याच वेळी ते भरत आलेले असते. दुपारच्या वाऱ्यावर येऊन संध्याकाळी खाडीत शिरायचे असेल, तर दांड्याच्या खाड्या अष्टमीच्या आसपास याव्यात अशा बेताने निघावे. मुंबईहून षष्ठी-सप्तमीला निघालात तर हा योग साधतो.

जाळ्यांविषयी विशेष काळजी घ्यावी. डोल जाळी खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्याजवळ रोवलेल्या खुंटांना बांधलेली असतात, आणि उधाणाच्या प्रवाहात त्यांचे बोये पाण्याखाली ओढले जातात, त्यामुळे दिवसाही ती चटकन दिसत नाहीत. वाहती जाळी बाहेर असतात. ती फार लांब असतात आणि त्यांच्या टोकाला दिवसा निशाण आणि रात्री दिवा असतो. एक निशाण दिसले की दुसरे कोठे आहे ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. होडी जवळ असेल तर हात करून विचारावे, तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, कोणत्या बाजूने जायचे ते दाखवतो. जाळे पंख्यात आलेच, तर इंजिन ताबडतोब बंद करावे, शिडे उतरवावीत आणि होडीला खूण करावी. लगेच सुरी चालवू नये. एका जाळ्यात एका घराची वर्षभराची कमाई गुंतलेली असते, आणि बहुतेक वेळा आमचीच माणसे पाण्यात उतरून ते सोडवून देतात. रात्री किनाऱ्याजवळून चालू नका असे मी सांगतो, त्याचे कारणही हेच आहे.

हर्णैला सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामध्ये आमच्या होड्या उभ्या असतात. तिथे जागा मिळते, फक्त होड्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत नांगर टाकू नये, म्हणजे पहाटे कोणाचीच अडचण होत नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, तिथे दोघांपुरती ताजी मासळी मिळेल.

रेवदंड्याची:

ताई, तुमच्या तिसऱ्या शंकेविषयी लिहिते, कारण आम्ही उभयतांनी हिवाळे नौकेवर काढले आहेत आणि माझ्या मते प्रवास सुखाचा होतो की नाही हे वाऱ्यापेक्षा याच गोष्टी ठरवतात.

सर्वांत आधी कामांच्या वाटणीविषयी. यजमान सुकाणूवर आणि बाई आत स्वयंपाकघरात, अशी वाटणी घरच्या सवयीने आपोआप होते, आणि समुद्रावर ती धोक्याची आहे. तुमचे यजमान पाण्यात पडले, तर तुम्ही एकट्याने नौका थांबवून, शिडे उतरवून, इंजिन सुरू करून त्यांच्यापर्यंत पोचू शकाल का, आणि भिजलेल्या, दमलेल्या माणसाला कठड्यावरून वर घेऊ शकाल का, याचा सराव निघण्यापूर्वी शांत पाण्यात करा. हातांनी ओढून माणूस वर येत नाही. शीड चढवण्याचा दोर आणि त्याची चरखी वापरून तो उचलावा लागतो, आणि ते दोघांनाही जमले पाहिजे. अंधार पडल्यावर आणि एकजण झोपलेला असताना बाहेर बसणाऱ्याने सुरक्षापट्टा नौकेला अडकवलाच पाहिजे. आम्ही एक दिवस मी चालवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी, असे करतो. ज्याच्याकडे सुकाणू असेल त्याचा शब्द त्या दिवशी अखेरचा असतो आणि दुसरा रांधतो. यामुळे वाद फार कमी होतात, आणि दोघांचेही हात सर्व कामांना सरावतात.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला दहा लिटर धरला तर काटकसरीने पुरतो, त्यांपैकी चार लिटर पिण्याचे आणि स्वयंपाकाचे. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळावीत. अंघोळही तशीच, परंतु शेवटचे गोडे पाणी टाळू नये, कारण मीठ अंगावर आणि कपड्यांवर राहिले की ते हवेतली ओल धरते, अंथरूण दमट होते आणि रात्री झोप लागत नाही. नौकेच्या आत खाऱ्या पाण्याचे कपडे न्यायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. मुंबई सोडल्यावर मरिनासारखी सोय मिळणार नाही असे धरून चालावे, म्हणजे पाणी आणि डिझेल कॅनमधून लहान होडीने आणावे लागेल.

स्वयंपाकासाठी प्रेशर कुकरइतके उपयोगी भांडे नाही, कारण झाकण बंद असल्यामुळे नौका कलंडली तरी उकळता पदार्थ अंगावर सांडत नाही. मी निघण्यापूर्वीच भात आणि आमटी करून थर्मासमध्ये भरते, म्हणजे दुपारचा वारा भरल्यावर शेगडीजवळ उभे राहावे लागत नाही. भाजणी, मेतकूट, सातूचे पीठ, पोहे, कोकम, कांदे-बटाटे, लिंबे आणि सोडे एवढ्यावर फ्रिजशिवाय उत्तम चालते. फ्रिज दिवसाला तीस ते पन्नास अँपिअर-तास खातो, आणि शंभर वॅटच्या सौर पॅनेलमधून साधारण तेवढीच वीज मिळते. ती दिवे, रेडिओ आणि फोन यांच्यासाठी राखून ठेवणे मला अधिक योग्य वाटते. गॅसविषयी एक गोष्ट कधीही विसरू नका: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो नौकेच्या तळाशी साचतो आणि तिथेच राहतो. प्रत्येक वापरानंतर सिलिंडरची चावी बंद करायची, ज्याने शेगडी वापरली त्यानेच.

झोपेचे म्हणाल, तर मच्छीमार बंदरांत होड्या मध्यरात्रीनंतर निघतात आणि त्यांच्या लाटांनी नौका हलते. आम्ही त्यामुळे रात्री नऊलाच निजतो, म्हणजे पहाटे मतलईसाठी उठणेही जड जात नाही. खाडीत डास असतात, झडपांना जाळी लावून घ्या. आणि दोघांपैकी प्रत्येकाला दिवसातून एक तास पूर्ण एकांत मिळावा. एकजण लहान होडी घेऊन किनाऱ्यावर जातो, दुसरा नौकेवर वाचत बसतो. तीस फुटांत राहायचे तर हे पाण्याइतकेच आवश्यक आहे, असे मी अनुभवाने सांगते.

दीपमाळ:

मी व्यापारी जहाजांवर अधिकारी होतो. एक-दोन औपचारिक बाबी लिहितो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार इंजिनावर चालणाऱ्या नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच नियमांतील १८ व्या नियमाप्रमाणे मासेमारीत गुंतलेल्या नौकेला शिडाच्या नौकेनेच वाट द्यायची असते, हे अनेक जण विसरतात. दाभोळला नैसर्गिक वायूची आणि जयगडला कोळशाची मोठी जहाजे येतात. त्यांना वळायला आणि थांबायला फार मोठी जागा लागते, म्हणून त्यांचा मार्ग काटकोनात आणि त्वरेने ओलांडावा. व्हीएचएफ रेडिओ सतत १६ क्रमांकाच्या वाहिनीवर ठेवावा. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आहे, त्यामुळे नोंदणीची कागदपत्रे आणि दोघांची ओळखपत्रे हाताशी असावीत. प्रत्येक मुक्कामी बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना आपण होऊन कळवावे, म्हणजे रात्री कोणी चौकशीला येत नाही. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ नौकेच्या आत डोळ्यांसमोर लिहून ठेवावा.

किनारवाट:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. अष्टमीचा हिशेब वाचून आम्ही पंचांग काढून बसलो आहोत आणि पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेण्याचा सराव या रविवारीच करणार आहोत. आता एकच शंका उरली. परतताना दुपारचा वारा समोरून येणार. मग रात्री चालावे का? आणि दोघेच असताना रात्रीचा पहारा झेपतो का?

उत्तरवारा:

दोघांचा पहारा झेपतो. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकाऱ्यांनी तारिणी या शिडाच्या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २९ मे २०२५ ला त्या गोव्यात परतल्या. पण भर समुद्रातली रात्र आणि कोकण किनाऱ्याजवळची रात्र यांत फरक आहे. इथे पहाऱ्यावरच्या माणसाला जाळी आणि होड्या यांमुळे क्षणभरही नजर काढता येत नाही, आणि तीन तासांनी उठणारा दुसराही थकलेलाच असतो. म्हणून परतीला मी रात्र टाळतो आणि टप्पे लहान करतो. पहाटे उजाडताना निघून, किनाऱ्यापासून दोन-तीन मैलांतच राहिले की मतलई चांगला मिळतो. त्यावर इंजिनाची थोडी जोड देऊन पंधरा ते वीस मैल होतात, आणि खारा वारा भरण्यापूर्वी नांगर टाकता येतो. याप्रमाणे जायला जितका वेळ लागला त्याच्या दीडपट वेळ परतीला धरावा. फेब्रुवारीनंतर वायव्येचा वारा लवकर सुरू होतो आणि जोरही धरतो, तेव्हा जानेवारीअखेर गोवा सोडलेला बरा. तेवढा वेळ नसेल तर नौका गोव्यातच ठेवावी, मात्र मे महिना संपण्यापूर्वी ती पाण्याबाहेर काढण्याची व्यवस्था तिथे पोचल्याबरोबरच ठरवून टाकावी, कारण शेवटच्या आठवड्यांत सर्वांनाच ती जागा हवी असते. मांडवीत शिरण्यापूर्वी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालयाला कळवावे, आणि आग्वादजवळचा दांडाही चढत्या पाण्यातच ओलांडावा.